धीर द्यायला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका मुलीचा आहे. बीएस्सी झालेली, मेडिकलवर काम करते. ती लिहिते: "मावशी, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) कृपादानांवर, म्हणजे देव ज्याला त्याला देतो त्या वेगवेगळ्या देणग्यांवर, कार्यशाळा झाली. फॉर्म भरून घेतला, गुणांची बेरीज केली आणि माझं दान 'उत्तेजन' निघालं. पाळकसाहेबांनी लगेच महिला संघाच्या घरभेटींत माझं नाव घातलं. पहिल्याच घरी फजिती झाली. त्या बाईचा नवरा वारून तीन आठवडे झाले होते. मला काही सुचेना, तोंडातून निघून गेलं, 'देवाची काहीतरी योजना असेल.' ती उठून आत गेली ती परत आलीच नाही. नंतर बायबल उघडलं तर तिथं 'उत्तेजन' नाहीच, 'बोध' आहे. बोध करणं मला जन्मात जमणार नाही. हे दान माझं आहे का? असलं तर वापरायचं कसं?"

आधी त्या उठून गेलेल्या बाईविषयी बोलू, कारण तुझा जीव तिथंच अडकलाय. ते वाक्य मीही बोलले आहे. जालना जिल्ह्यात बायबलबाई म्हणून, म्हणजे घरोघरी बायबल सांगत, तीस वर्षं गावोगाव फिरले, त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. भोकरदनकडच्या एका वस्तीवर एक बाई तरणी असताना विधवा झाली होती. मी तिसऱ्याच दिवशी दारावर गेले आणि रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायातलं वचन काढून वाचलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. वचन खरं आहे, माझ्या स्वतःच्या आयुष्यात मला ते पुरलंय. पण वीस वर्षांच्या बाईच्या पुढ्यात तिसऱ्या दिवशी ते ठेवणं म्हणजे ताज्या भाजल्यावर मीठ. ती एवढंच म्हणाली, "ताई, चहा घ्या अन् निघा तुमी."

दोन महिने मी त्या वस्तीकडे फिरकले नाही. लाज वाटत होती. मग दिवाळीच्या आधी गेले तर ती घरी नव्हती, रानात कापूस वेचत होती. मी बांधावर चपला काढल्या, पदराची ओटी बांधली आणि शेजारच्या तासाला लागले. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला कशी टोचतात हे एकदा वेचल्याशिवाय कळत नाही. अर्ध्या तासात माझी बोटं सोलवटली. ती माझ्या ओटीत वाकून बघत म्हणाली, "आवं ताई, अर्धा पालाच भरलाय तुमी. व्यापारी घेत न्हाई असला." आणि हसली. नवरा गेल्यापासूनचं ते पहिलं हसू होतं का नव्हतं, मला माहीत नाही, विचारलंही नाही. दुपारी भाकर सोडली तेव्हा ती आपण होऊन बोलायला लागली. तीन वाजेपर्यंत बोलत होती. मी बायबल उघडलं नाही.

आता तुझ्या 'बोध' या शब्दाकडे येते, कारण तू बरोबर जागी अडखळलीस. आपल्याला बोध म्हटलं की शाळेचं पुस्तक आठवतं, 'या गोष्टीवरून काय बोध मिळतो?' म्हणजे कुणीतरी शहाणा वर उभा आणि कुणीतरी चुकलेला खाली. पण रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातली यादी नीट वाच. संदेश, सेवा, शिकवणं, बोध, दान देणं, अधिकार चालवणं, दया करणं. शिकवणं तिथं वेगळं सांगितलंय आणि बोध वेगळा. बोध म्हणजे शिकवणच असती तर हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने दोनदा कशाला लिहिलं असतं?

मूळ ग्रीक शब्द 'पॅराक्लेसिस'. 'पॅरा' म्हणजे जवळ, शेजारी. 'कलेओ' म्हणजे हाक मारणं. आमच्या वेळच्या एका शिबिरात पाळकांनी हे फळ्यावर लिहून दाखवलं, तेव्हा मी चाळिशीला आले होते आणि त्याआधी कैक वर्षं 'बोध' करत हिंडले होते. याच कुळातला शब्द करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला येतो, तिथं आपलं मराठी बायबल 'सांत्वन' म्हणतं. आणि योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशू पवित्र आत्म्याला जे नाव देतो, ते मराठीत 'कैवारी' झालंय. बोध, सांत्वन, कैवारी, तिघांचं मूळ एकच. मला विचारशील तर तिघांत 'कैवारी' सगळ्यात नेमका. गावात कुणाचा कैवार घेणं म्हणजे काय ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. ज्याचा कैवार घेतला त्याच्या वाटचे दोन धपाटे आपल्यालाही बसतात.

बायबलातल्या पहिल्या मंडळीतल्या बर्णबाचं तसंच झालं. त्याचं खरं नाव योसेफ, कुप्र (आजचं सायप्रस) बेटावरचा, लेवी वंशातला. प्रेषितांनी त्याला नाव ठेवलं बर्णबा, आपल्या बायबलात त्याचा अर्थ 'बोधपुत्र' दिलाय. बोधपुत्र म्हणजे मोठा व्याख्याता असेल असं वाटतं ना? प्रेषितांची कृत्यं चाळून बघ, त्याचं सबंध असं एकट्याचं भाषण कुठं लिहून ठेवलेलं नाही. लिहिलंय ते त्याने काय केलं ते. शेत विकून पैसे आणून दिले. शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत आला तेव्हा सगळे त्याला भिऊन होते, कालपर्यंत धरपकड करणारा माणूस आज शिष्य म्हणवतो, कोण विश्वास ठेवणार? बर्णबाने त्याला जवळ केलं, प्रेषितांकडे नेलं आणि त्याची हकीकत सांगितली. तो माणूस खोटा निघाला असता तर बर्णबाची अब्रू गेली असती. पुढे अंत्युखियाची मंडळी वाढली, काम झेपेना, तेव्हा हा तार्सला गेला शौलाचा शोध करायला. 'शोध करायला' असंच लिहिलंय. शौल वर्षानुवर्षं तिकडे आपल्या गावी होता, आणि त्याची आठवण ठेवणारा हा एक निघाला.

मग मार्क. पौल आणि बर्णबाच्या पहिल्या प्रचारफेरीत तो पंफुल्याहून काम अर्धवट टाकून परत गेला होता. पुढच्या फेरीला पौल म्हणाला, हा नको. बर्णबा म्हणाला, घेऊ. एवढं वाजलं की दोघे वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. मार्क त्याचा भाऊबंद होता, त्यामुळे 'घरच्याची बाजू घेतो' असं कुणी म्हटलंही असेल. चूक कोणाची हे प्रेषितांची कृत्यं लिहिणारा लूक सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण शेवटी शेवटी तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला सोबत घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबा मार्काशी काय बोलला याची एक ओळ कुठं सापडत नाही. मला ते फार आवडतं. या दानाचं काम बहुतेक असंच असतं, नोंदवहीत चढत नाही.

आपल्या जालन्यात हे समजायला लांब जायला नको. नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, ब्राह्मण घरातले. पुढे ते जालन्याला आले आणि मांग-महार घरांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी जालन्याजवळ बेथेल वसवलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यासाठी जमीन मिळवली. गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला 'प्रभूवर भाव ठेवा' एवढं सांगून ते परत फिरले असते तर त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी विहीर, घर, रान बघितलं. बोध तो हाही.

तर पहिलं काम, जा आणि गप्प बस. हे मला १९९३ मध्येच शिकवलं होतं, तरी कापसाच्या रानापर्यंत मी विसरले होते. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनाची रात्र होती, माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं धाबं, ते सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आम्ही काही तरुण पोरंपोरी ब्लँकेटं घेऊन गेलो होतो, मी बावीस वर्षांची. आमच्या सोबत एक म्हातारी नर्स होती. तिने गाडीतच बजावलं, तिथं कुणी प्रार्थना सुरू करायची नाही, कुणी मागितली तरच करायची. पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई बसली होती, केसांत माती घट्ट बसलेली, खडे अडकलेले. ही तिच्या मागे जाऊन बसली, तेलाची बाटली काढली आणि बोटांनी एकेक खडा सोडवायला लागली. फणी नंतर. दीड तास तरी लागला असेल. ती बाई आधी दगडासारखी बसली होती, मग हळूहळू तिची मान मागं कलली. नर्स एक अक्षर बोलली नाही. मी बाजूला ब्लँकेटांची घडी हातात धरून उभी होते आणि मला वाटत होतं आपण काहीच करत नाही.

बायबलात मुलंबाळं, धन सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचंही असंच झालं ना. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तोवर उत्तम चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. नीतिसूत्रांत तर रोखठोक आहे, खिन्न माणसापुढे गाणी गाणारा म्हणजे थंडीत अंगावरचं पांघरूण ओढणारा. आपल्याकडे अशा घरी जाऊन ढोलक वाजवत कोरस म्हणणारे उत्साही लोक कमी नाहीत. मी नाव घेत नाही.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट मला सगळ्यात जवळची. रतामाच्या झुडपाखाली पडून तो मरण मागत होता. देवदूत आला, त्याने काय केलं? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, म्हणाला ऊठ, खा. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, वाट लांबची आहे म्हणाला. 'तू इथं काय करतोस?' हा प्रश्न देवाने चाळीस दिवसांनी विचारला. आधी भाकर, झोप, परत भाकर. एवढा क्रम पाळलास तरी निम्म्या चुका टळतील.

कायम गप्पच राहायचं असंही नाही हं. बोलायची वेळ येते, आणि तेव्हा मोघम बोलून भागत नाही. 'तू खूप चांगला आहेस', 'सगळं ठीक होईल' हे शब्द बाजारातल्या लाडवासारखे, तोंडात विरतात आणि पोटाला काही लागत नाही. माणसात तुला प्रत्यक्ष जे दिसलं ते सांग. आमच्या शब्बाथशाळेत एक पोरगं होतं. दहावीला दोनदा बसलं, दोनदा गणितात आपटलं. बाप म्हणायचा दगड आहे. पोरगं मंडळीच्या मागच्या बाकावर बसायला लागलं, मग यायचंच थांबलं. मला वाटेत भेटलं तेव्हा मी त्याला म्हणाले, "चार वर्षं आपल्या प्रार्थनामंदिराची किल्ली तुझ्याकडे होती. पावसात, परीक्षेत, तुझी आजी वारली त्या रविवारी सुद्धा दार कधी उशिरा उघडलं नाही. हे मी बघितलंय." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण हे कुणी बघतंय हेच त्याला माहीत नव्हतं. खोटं काही नव्हतं त्यात, गणित सुधारेल असंही मी म्हणाले नाही. सुधारलं नाहीच. तो आता जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये आहे, मालकाने स्टोअरच्या किल्ल्या त्याच्याकडे दिल्यात. नाताळाला येतो, मागच्याच बाकावर बसतो.

यासाठी वही ठेव. गंमत नाही करत. कुणाचा नवरा कोणत्या तारखेला गेला, कुणाच्या मुलीची 'नीट'ची परीक्षा कधी आहे, कुणाचा कोणता गुडघा दुखतो. आमच्या भागातली काही घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते, मुकादमाची गाडी आली की निघावंच लागतं, आणि नाताळात मंडळी अर्धी रिकामी. मोबाईल नव्हते तेव्हा मी कारखान्याच्या पत्त्यावर पन्नास पैशांची कार्डं टाकायचे. 'तुमच्या जागेवर या रविवारी कुणी बसलं नाही' एवढंच लिहायचे. एका बाईने ते कार्ड कोपीच्या, म्हणजे तोडीवरच्या झोपडीच्या, पाचटात खोचून ठेवलं होतं, सहा महिन्यांनी परत आणून दाखवलं, उसाच्या रसाने डागाळलेलं. तिला वाचता येत नव्हतं.

एक मात्र ध्यानात ठेव, सगळ्यांना एकच औषध नसतं. तू मेडिकलवर आहेस, तुला हे माझ्यापेक्षा बरं कळेल. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल तिघांना तीन वेगळ्या गोष्टी देतो: बेशिस्त वागणाऱ्याला कानउघाडणी, धीर खचलेल्याला धीर, अशक्ताला आधार. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून 'देव तुझ्यावर प्रीती करतो भाऊ' म्हणणं हे उत्तेजनच, पण चुकीच्या कामाला दिलेलं. आणि ज्याचं सोयाबीन पाण्याखाली सडलं त्याला 'कष्ट कर' सांगणं म्हणजे खचलेल्याची कानउघाडणी.

आपल्यासारख्यांचा खास दोष इथंच आहे. ज्यांना धीर देता येतो त्यांना वाईटपणा घेता येत नाही. बर्णबासुद्धा त्यातून सुटला नाही. गलतीकरांस पत्रात लिहिलंय की अंत्युखियात पेत्र आणि इतर यहूदी विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, भावांच्या पंगतीतून उठले, आणि त्यांच्या ढोंगाबरोबर बर्णबाही ओढला गेला. ज्याने परक्यांना जवळ केलं तोच चार माणसांच्या भिडेला पडून मागं सरला. मी ते वचन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. भीड पडली की उघडते.

अजून एक, आणि हे हलक्याने घेऊ नकोस. मराठवाड्यात घरभेटीला जाणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी असा माणूस भेटतो, जो म्हणतो 'आता काही राम राहिला नाही', कर्जाच्या वह्या आवरतो, देणीघेणी भाऊबंदांना समजावून सांगतो, एकाएकी फार शांत होतो. तिथं वचनं आणि प्रार्थना पुरेशी म्हणून घरी येऊ नकोस. सरळ विचार, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार येत नाही, उलट बोलायला वाट होते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एकाला विश्वासात घ्यायचं, फवारणीचं औषध घरातून दुसरीकडे हलवायचं आणि दवाखान्यात न्यायचं. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तो तुझ्या काउंटरवरही चिकटवून ठेव. 'कुणाला सांगू नका' असं त्याने म्हटलं तर तसं वचन द्यायचं नाही. विश्वास कमी म्हणून असं होतं, हे वाक्य तर कुणाच्या तोंडून निघालं तरी तिथंच थांबव. एलियाचा विश्वास कमी नव्हता.

आता तुझं दान आहे की नाही. फॉर्मचा मला राग नाही, पण फॉर्म तू भरलास, म्हणजे तू स्वतःला कशी बघतेस एवढंच त्याने सांगितलं. इब्री पत्र तर सगळ्यांनाच सांगतं, रोज एकमेकांना बोध करा म्हणून. त्यामुळे दान असो वा नसो, सुटका नाही. दान आहे का हे दुसरीकडूनच कळतं. तुझ्या मेडिकलच्या आधी दोन दुकानं लागत असतील, ती सोडून कोणी म्हातारं तुझ्याकडेच गोळ्या समजावून घ्यायला येतं का? कॉलेजातली मैत्रीण नापास झाली की आधी तुला फोन करते का? तुझ्याशी बोलून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागतो की नुसता 'किती छान बोलतेस' म्हणतो? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं. तुझ्याकडे एकही असा माणूस नसेल तर पाळकसाहेबांना मोकळेपणाने सांग आणि महिला संघाचा हिशेब लिहायला घे, तिथंही माणसं लागतात. पण तू फजिती झाल्यावर महिनाभर ती बाई मनात घेऊन बसलीस आणि मला विचारायला आलीस, त्यावरून मला वाटतं की हिशेब दुसरं कुणी लिहील.

तिच्याकडे परत जा. महिला संघाच्या घोळक्यात नको, एकटी जा. 'माझं चुकलं मावशी, मला काय बोलावं सुचलं नाही' एवढं एक वाक्य दारातच बोलून टाक, लांबण लावू नकोस, नाहीतर तिलाच तुझी समजूत घालावी लागेल. नवऱ्याची औषधं घरात पडून असतील, काहींची पाकिटं फोडलेलीसुद्धा नसतील, आणि ती फेकायचा तिला धीर होत नसेल. ते तुझं काम आहे, तिला जमेल तेव्हा तिच्यासोबत बसून वेगळी कर. त्याचं नाव घे, सगळे घ्यायचं टाळत असतील. आणि निघताना कॅलेंडरवर बघून ठेव, वर्षाची प्रार्थना कधी येते ते. त्या दिवशी सगळे येतील, तू त्याच्या आदल्या संध्याकाळी जा.